होडीतला संडास

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो संडासावर बसला होता. तेही भर दुपारी, आमच्या दुकानाच्या काचेत, रस्त्याकडे तोंड करून.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. मी पोस्टातून परत येत होते. दोन शाळकरी मुली काचेला नाक लावून खिदळत होत्या, म्हणून मीही पाहिलं. चांगला उंचापुरा माणूस होता. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर, आणि अंग सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलत होतं.

मी आत जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

“बरं वाटत नाहीये का?”

“श्श… समुद्र खवळलाय,” तो डोळे न उघडता म्हणाला.

“हा संडास दाखवायला मांडलाय. बसायला नाही.”

“झाकण बंद आहे हो.”

“ते पाहिलं मी. म्हणून तर अजून ओरडले नाही.”

तेव्हा त्याने डोळे उघडले. आधी माझ्या ओल्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खालून वर. सगळी माणसं वरून खाली बघतात. हे वेगळेपण माझ्या ध्यानात आलं, पण त्याचं कारण कळायला पुढे बरेच दिवस गेले.

दुकान माझ्या काकांचं. बंदराच्या रस्त्यावर होड्यांचं सामान विकायचे ते. दोरखंड, रंग, नांगर, पंप, आणि दर्शनी काचेत होडीत बसवायचे संडास. काकांना त्या विषयावर बोलायची लाज वाटायची, म्हणून तो विभाग आपोआप पुतणीकडे आला. काकू बजावायच्या, “कुणी विचारलं तर पंप विकते म्हणून सांग.” मी सांगत नसे. मी संडास विकायचे आणि चांगले विकायचे. होडी केवढी, माणसं किती, एका वेळी किती दिवस पाण्यावर राहणार, एवढं विचारलं की चहा निवायच्या आत गिऱ्हाईक सामान घेऊन बाहेर पडायचं.

हे गिऱ्हाईक मात्र बाहेर पडेना.

तो दातांचा डॉक्टर होता. दवाखाना धाकट्या भागीदाराच्या हवाली करून त्याने एक जुनी शिडाची होडी घेतली होती. झोपायला दोन फळ्या, एक स्टो, आणि कपाटाएवढी एक रिकामी खोपटी, एवढाच तिचा संसार. वारा फिरला की निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने जात राहायचं. परत कधी यायचं ते ठरवलेलं नव्हतं. बाकी सगळी डागडुजी झाली होती. ती खोपटी तेवढी भरायची राहिली होती.

मी त्याला आधी पंपाचा संडास दाखवला. हाताने दांडा मारायचा, समुद्राचं पाणी आत येतं, घाण टाकीत जाते.

“यासाठी होडीच्या तळाला भोकं पाडावी लागतील,” मी म्हटलं.

“भोकं?” त्याचा चेहरा उतरला. “अहो, मी आजवर भोकंच पाडत आलोय. त्यापासून लांब जायचं म्हणून होडी घेतली!”

“लोकांचे दात बुडत नव्हते ना पण?”

“नव्हते. ओरडायचे मात्र.”

मग पेटीचा दाखवला. त्याला भोकं लागत नाहीत. खालची पेटी सुटी होते. ती उचलून धक्क्यावर न्यायची आणि रिकामी करायची. छान, छान, हाच देऊन टाका, असं तो म्हणू लागला. मी पेटी पाण्याने भरली आणि त्याच्या हातात दिली.

“ही घेऊन दुकानाला एक फेरी मारून या.”

तो परत आला तेव्हा त्याचे बूट भिजलेले होते.

“आत्ता नुसतं पाणी होतं,” मी म्हटलं.

“कळलं,” तो म्हणाला. “पूर्ण कळलं.”

तिसरा प्रकार तेव्हा नवाच होता. कोरडा. पातळ पुढच्या भांड्यात, घट्ट मागच्या डब्यात, वरून लाकडाचा भुसा. दोन्ही एकत्र होऊ दिलं नाही तर वास येत नाही, आणि किनारा आठवडाआठवडा दिसला नाही तरी अडत नाही.

“एक सांगून ठेवते,” मी म्हटलं. “यावर पुरुषांनाही बसावंच लागतं. उभ्याने चालत नाही.”

“आमची आई जन्मभर हेच सांगत होती.”

मी हसले. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसायचं नाही हा माझा नियम होता. तो त्या दिवशी मोडला.

त्यानंतर तो येतच राहिला. आज भुशाबद्दल विचारायला, उद्या हवेच्या नळीबद्दल… एकदा नुसताच आला आणि काय विचारायचं होतं ते विसरलो म्हणाला.

“एका संडासासाठी एवढ्या फेऱ्या?” काका वैतागले. “त्या दातवाल्याला जुलाब झालेत की काय?”

“जुलाब नाही,” रंगाच्या डब्यांमागून काकू म्हणाल्या. “बद्धकोष्ठ. मनात आहे ते बाहेर पडत नाहीये.”

मी वर पाहिलं नाही. पण मला कळत होतं. निवड झाली की होडी तयार, आणि होडी तयार झाली की तो जाणार. निवड तर माझ्याच हातात होती. तो कशाला नाही म्हणत नव्हता आणि कशाला हो म्हणत नव्हता. अजून एखादा प्रकार मागवू या, असं मी म्हटलं असतं तरी तो आनंदाने थांबला असता.

“तुम्हाला कोरडाच योग्य आहे,” मी एका सकाळी सांगून टाकलं. “आता उगाच विचार करू नका.”

“नक्की?”

“नक्की.”

आणि मी पावतीपुस्तक पुढे ओढलं.

बसवण्याआधी आम्ही जाड पुठ्ठ्याचा संडास करून होडीत ठेवून बघत असू. जागा इतकी थोडी असते की टीचभर चुकलं तर दार लागत नाही. तो पुठ्ठ्यावर बसला तेव्हा त्याचे गुडघे समोरच्या भिंतीपासून जेमतेम सुटले.

“आता तुम्ही बसा,” तो म्हणाला.

“मी कशाला?”

“दुसरं एखादं माप असलेलं बरं.”

मी बसले. माझी उंची तेव्हाही बेताचीच होती. पाय लोंबकळत राहिले.

“हे बघा, हे असं नको,” मी दुकानातल्यासारखी बोलू लागले. “पाय टेकले नाहीत तर लाटेसरशी माणूस थेट दारावर आपटतो. तुमचे टेकतात, तुम्हाला काळजी नाही. माझं सोडा, मी कुठे येतेय!”

तो माझ्या पायांकडे बघत होता.

“माणूस खुर्चीत बसला की मी तोंडाआधी त्याचे पाय बघतो,” तो म्हणाला. “घाबरलेल्याचे पाय नेहमी अधांतरी असतात. पाय टेकले की अर्धं दुखणं जातं.”

“माझा दात दुखत नाहीये.”

“नाही ना… मग काय दुखतंय?”

खोपटीत तो दाराशी, मी आत. बाहेर पडायला वाट नव्हती.

“पुठ्ठा ओला होतोय,” मी म्हटलं. “सरका.”

त्यानंतर तो आलाच नाही. सामान घेऊन गेला आणि धक्क्यावरच्या सुताराला मदतीला घेतलं म्हणून कळलं. एक दिवस वारा फिरला. आमच्या दुकानाची पाटी पाऊसभर एका बाजूला करकरायची, ती दुसऱ्या बाजूला करकरू लागली.

“दातवाला निघतोय म्हणे,” जेवताना काका म्हणाले. “सुटलो!”

काकूंनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. मी दुपारभर पितळी स्क्रू निवडत बसले. सगळे एकाच मापाचे होते, तरी निवडत बसले.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. आत येईना.

“तपासणी राहिलीय,” तो म्हणाला. “तुम्ही बघून गेल्याशिवाय हमी लागू होत नाही ना?”

नियम तसाच होता. मी बॅटरी घेतली आणि निघाले. धक्क्यापर्यंत आम्ही हवेबद्दल बोललो.

काम चोख होतं. हवेची नळी घट्ट, झाकण नीट बसणारं, भुशाचा डबा हाताशी. मग मी वाकून खाली बॅटरी मारली. बैठकीच्या पुढे, चार स्क्रूंनी पक्की केलेली एक फळी होती.

“हे काय?”

“फळी.”

“ते दिसतंय. कशाला?”

“पाय टेकायला.”

“तुमचे गुडघे वर येतील हिच्यामुळे. भिंतीवर आपटतील.”

“आपटतात. काल दोनदा आपटले.”

“मग काढून टाका ना!”

“माझ्यासाठी लावलीच नाहीये मी ती.”

वर डोलकाठीवर दोरी टक् टक् वाजत होती. मी बॅटरी बंद केली. उजेड तसा पुरेसा होता.

“मला गोड बोलता येत नाही,” तो म्हणाला. “तोंड उघडा, मिटा, चूळ भरा, एवढंच येतं. पण एखाद्याला बरोबर ये म्हणायचं तर आधी त्याला पाय टेकायला जागा करावी, असं वाटलं… म्हणून केली.”

“म्हणायचं राहिलंय अजून,” मी म्हटलं.

“याल?”

“कुठपर्यंत?”

“माहीत नाही.”

“परत कधी?”

“तेही नाही. नाही म्हणालात तर पेचकस हातातच आहे. फळी काढतो. गुडघे तरी वाचतील.”

मला काका आठवले, काकू आठवल्या, काचेतला विभाग आठवला. तो कोण सांभाळणार हेही आठवलं. मग मी झाकण लावलं, त्यावर बसले आणि दोन्ही पाय फळीवर ठेवले. नीट दाबून पाहिले, लाटेत दाबावे लागतात तसे.

“दोन बोटं उंच झालीय,” मी म्हटलं. “खाली घ्या.”

तो गुडघ्यांवर बसला. चार स्क्रू काढून परत बसवायला त्याने वाजवीपेक्षा फार वेळ लावला, आणि मी पाय हलवले नाहीत.

त्या होडीतून आम्ही पुष्कळ फिरलो. फळी दोन बोटं खाली आली तरी त्याच्या गुडघ्यांना ती शेवटपर्यंत आडवी येत राहिली. होडी जरा डोलली की आतून धाडकन आवाज व्हायचा, पाठोपाठ “आई गं!”

“काढून टाकू या का रे ती?” मी बाहेरून विचारायचे.

“राहू दे,” आतून उत्तर यायचं.