बोर्गहिल्डचं हिरवं भांडं

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

ज्यांच्या घरात हे घडलं, ती माझीच माणसं. आर्डिस म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, व्हर्लिनची बायको. तिच्या तोंडून मी हे सगळं दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, तेव्हाच मी लिहायला बसलो.

जागा, मिनेसोटातलं आमचं छोटंसं गाव. वेळ, नोव्हेंबरातली एक संध्याकाळ. त्या दिवसांत दुपारची कॉफी संपते न संपते तोच बाहेर अंधारून येतं.

आर्डिसचा धंदा जुन्या वस्तूंचा. गावात, आसपास कुणी म्हातारं माणूस गेलं की घरचे लोक सगळं सामान विकायला काढतात. आर्डिस तिथे सकाळीच जाऊन रांगेत उभी राहायची. जुनी काचेची भांडी, बरण्या, पीठ चाळायच्या चाळण्या, असलं काहीबाही घेऊन यायची. घासूनपुसून चकचकीत करायची, खिडकीपाशी ठेवून फोटो काढायची आणि इंटरनेटवरच्या आपल्या दुकानात लावायची. आमच्या आयांनी वापरून वापरून कंटाळून टाकलेल्या भांड्यांसाठी दूरच्या शहरांतली माणसं जीव टाकतात, याचं व्हर्लिनला फार हसू यायचं.

त्या वर्षी मात्र त्याचं हसणं कमी झालं होतं.

त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी आशा दिली होती, खात्री दिली नव्हती. आर्डिस चारचौघांत काही बोलायची नाही. पण व्हर्लिन खुर्चीत डुलकी घ्यायला लागला की ती हातातलं काम थांबवायची आणि त्याचा श्वास ऐकायची. एवढंच.

ऑक्टोबरात बोर्गहिल्ड ट्वीटनच्या घरचं सामान निघालं.

बोर्गहिल्डला गावात कोण ओळखत नव्हतं? कुणाच्या घरी मयत झाली की पहिलं पाऊल तिचं. हातात टॉवेलमध्ये गाठ मारून बांधलेलं हिरवं काचेचं भांडं, आत गरम हॉटडिश. खाली खिमा, मधे मशरूमचं घट्ट सूप, वर कुरकुरीत बटाटे. आमच्याकडे दुःखाच्या घरी तेच नेतात. बोर्गहिल्ड इतकी लवकर पोहोचायची, की लोक तिच्यामागे म्हणायचे, माणूस जायच्या आधीच ही बाई ओव्हन पेटवते.

ती स्वतः गेली, तेव्हा तिच्याकडे कुणी काही घेऊन गेलं नाही. घरात जेवायला कुणी उरलंच नव्हतं. भाची ॲरिझोनाहून आली, सामान विकलं, परत गेली.

ते हिरवं भांडं आर्डिसनं घेतलं.

भांड्याच्या पाठीवर, खालच्या बाजूला, चिकटपट्टीचा तुकडा होता, त्यावर बोर्गहिल्डचं नाव. आमच्याकडे भांडं घराबाहेर न्यायचं तर पाठीवर नाव हवंच. चर्चच्या तळघरात जेवणं होतात, सगळ्यांची भांडी सारखी दिसतात. नाव असलं की भांडं आपल्या घरी परत येतं. परत देणाऱ्यानं मात्र ते रिकामं द्यायचं नसतं. चार बिस्किटं, दोन सफरचंदं, काहीतरी घालायचंच.

आर्डिसनं ती पट्टी सोलली. खाली दुसरी पट्टी निघाली, जुनी, पिवळी पडलेली. तिच्याखाली लाल नेलपॉलिशनं रंगवलेली दोन अक्षरं, बोर्गहिल्डच्या नावा-आडनावाची.

तिचा हात थांबला.

लवॉन समोर बसून खोकं तयार करत होती. लवॉन म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण. सामान बांधायला यायची, आणि हात चालायचे त्याच्या दुप्पट तोंड चालायचं.

"काय गं, भांडं विकायचंय की बोर्गहिल्डची आठवण जपायचीय?" लवॉन म्हणाली. "ती ओरेगॉनची बाई तुझं नेहमीचं गिऱ्हाईक, तिला असल्या खुणा चालतात होय?"

"चालत नाहीत."

"मग पूस की."

आर्डिसनं कापसावर नेलपॉलिश काढायचं औषध घेतलं आणि अक्षरं पुसून टाकली. भांडं नव्यासारखं दिसायला लागलं.

व्हर्लिन आपल्या खुर्चीतून म्हणाला, "बोर्गहिल्डला कळलं तर ओव्हन पेटवूनच येईल."

लवॉन हसली. आर्डिसला हसू आलं नाही.

नोव्हेंबरात ओरेगॉनच्या बाईनं भांडं घेतलं. लवॉननं ते कागदात गुंडाळलं, खोक्यात बसवलं, वरून पट्ट्या मारल्या. खोकं मागच्या खोलीत राहिलं. सकाळी पोस्टात द्यायचं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी...

बर्फ पडायचा थांबला होता. व्हर्लिन पुढच्या खोलीत झोपला होता. आर्डिस वरच्या मजल्यावर त्याची इस्पितळात न्यायची बॅग भरत होती.

खाली मागच्या बाजूचं जाळीचं दार वाजलं.

आधी करकर... मग हलकेच आपटल्याचा आवाज. हातात काही घेऊन आलेलं माणूस कोपरानं दार लोटतं ना, तसा.

तिला वाटलं, लवॉनच काहीतरी विसरली असेल. तिनं वरूनच हाक मारली.

मग वास आला... कांदा, खिमा, मशरूमचं सूप.

आर्डिसनं त्या दिवशी काही शिजवलंच नव्हतं.

ती खाली आली. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. तिनं ओव्हनला हात लावला. थंडगार. मागच्या दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. पायऱ्यांवर बर्फ सपाट पडलेला होता. त्यावर एकही पाऊल नव्हतं.

तिनं दिवा लावला.

टेबलावर टॉवेलचं गाठोडं होतं. गाठ बाजूला वळवून आत खोचलेली.

तशी गाठ गावात एकच बाई मारायची.

आर्डिस मागच्या खोलीत गेली. खोकं जागच्या जागी होतं. वरची पट्टी अखंड. तिनं ते उचललं... आणि ते कागदाचंच असल्यासारखं वर आलं. तिनं सुरीनं पट्टी कापली. आत कागद होते. भांड्याभोवती जसे गुंडाळले होते तसेच, त्याच आकारात. मधे नुसती पोकळी.

ती परत टेबलापाशी आली. टॉवेल सोडला. हिरवं भांडं. झाकणाच्या आतून वाफ धरलेली. तिनं हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता.

आणि मग तिच्या ध्यानात आलं, की घरात एक आवाज कमी आहे.

पुढच्या खोलीतून व्हर्लिनचा श्वास ऐकू येत नव्हता.

हे सांगताना दोन्ही वेळा आर्डिस इथे थांबली. तिनं पाणी मागितलं.

त्या चार पावलांच्या वाटेत तिला एकच गोष्ट कळली होती, म्हणाली. बोर्गहिल्ड दुःखाच्याच घरी येते. आणि नेहमी लवकर येते.

व्हर्लिन खुर्चीत मान टाकून होता. चेहरा राखेसारखा. आर्डिसनं त्याच्या छातीवर हात ठेवला. काही नाही... काही नाही... आणि मग छाती एकदम वर आली. त्यानं डोळे उघडले.

"बोर्गहिल्ड येऊन गेली का?" त्यानं विचारलं. "काय सुंदर वास सुटलाय."

"स्वप्न पडलं असेल तुला."

"वाढ ना थोडं. मला भूक लागलीय."

कितीतरी दिवसांनी त्यानं भूक लागली म्हटलं होतं. पण आर्डिसनं ते अन्न त्याच्या तोंडाला लागू दिलं नाही. तसंच उचलून मागच्या कचऱ्याच्या डब्यात ओतलं. त्याला टोस्ट आणि अंडं करून दिलं. तो कुरकुर करत जेवला. ती समोर बसून त्याच्या घशाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी लवॉन आली. आर्डिसनं तिला सगळं सांगितलं. लवॉन थट्टा करायला तोंड उघडणार होती, पण तिची नजर त्या रिकाम्या कागदांवर गेली. ते तिनंच गुंडाळले होते. तिनं भांडं उलटं करून पाठ पाहिली. पाठ कोरी.

थट्टा तिनं गिळून टाकली. लवॉनच्या बाबतीत हेच मोठं.

मग म्हणाली, "तिचं आहे, तिला परत दे."

"कुणाला देऊ? त्या घरात कोण आहे?"

"ते मला काय विचारतेस. घर तर आहे ना? मागच्या पायरीवर ठेव. आणि आर्डिस, रिकामं नेऊ नकोस."

ओरेगॉनच्या बाईला भांडं फुटलं म्हणून कळवून टाकलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर आलं होतं. दुपारी आर्डिसनं खिमा परतला, सूप ओतलं, वर बटाटे रचले. हात भराभर चालत होते, मन व्हर्लिनपाशी होतं. भांडं ओव्हनमधून काढलं, टॉवेलात बांधलं आणि गाडी काढली.

बोर्गहिल्डचं घर गावाच्या टोकाला. वीज तोडलेली, पडदेसुद्धा उतरवलेले. आर्डिसनं मागच्या पायरीवर गाठोडं ठेवलं. बंद दाराकडे बघून म्हणाली, "बोर्गहिल्ड, तुझं भांडं आणलंय. आमच्याकडे अजून कुणी गेलेलं नाही."

ती गाडीकडे वळली. अर्ध्या वाटेत पाठीमागे जाळीचं दार वाजलं...

करकर... आणि हलकेच आपटलं.

ती वळली नाही. गाडीत बसली आणि निघाली.

सकाळी इस्पितळाकडे जाताना तिनं मुद्दाम त्या घरावरून गाडी नेली. पायरी रिकामी होती.

ऑपरेशन नीट झालं. व्हर्लिन शुद्धीवर आला तेव्हा पहिलं वाक्य बोलला, की इथली कॉफी म्हणजे शिक्षा आहे. तेव्हा आर्डिस रडली. मी तिथेच होतो. इतक्या वर्षांत मी तिला रडताना प्रथमच पाहिलं.

आता सगळं संपलं असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

व्हर्लिनला घरी आणलं, त्या दिवशी ती स्वयंपाकघर आवरत होती. ओट्यावर चिकटपट्टीचं रीळ पडलेलं होतं. शेजारी काळं पेन, टोपण उघडं.

भांडं न्यायच्या दिवशी घाई होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि चाळीस वर्षांची सवय. भरलेलं भांडं दाराबाहेर काढायच्या आधी हात आपोआप पट्टीकडे जातो. तिनं एक तुकडा फाडला होता, त्यावर नाव लिहिलं होतं, पाठीवर चिकटवलं होतं. तिला ते आता स्पष्ट आठवलं.

नाव बोर्गहिल्डचं नव्हतं.

तिनं आपलंच नाव लिहिलं होतं.

आर्डिस नायगार्ड.

ती त्याच पावली त्या घराकडे गेली. पायऱ्या, अंगण, झुडपांखालचा बर्फ, सगळं उपसलं. भांडं मिळालं नाही.

नाताळ झाला. थंडी वाढली. व्हर्लिन काठी न घेता चालायला लागला. आर्डिसनं दुकान बंद केलं. उरलेली भांडी लवॉनला दिली, पाठीवरच्या पट्ट्यांसकट.

जानेवारीत एका संध्याकाळी मागचं जाळीचं दार वाजलं.

कोपरानं लोटल्यासारखं...

टेबलावर भांडं होतं. रिकामं नव्हतं. गरम होतं.

आधी ती धावत व्हर्लिनकडे गेली. तो जागा होता, पेपर वाचत होता. "कोण आलं?" त्यानं विचारलं. कुणी नाही, म्हणाली. मग परत येऊन तिनं भांडं उचलून वर धरलं आणि खालून पाहिलं. पट्टी होती, नाव तिचंच, अक्षर तिचंच.

तिनं नखानं पट्टी सोलली.

खाली दुसरी पट्टी होती... जुनी, पिवळी पडलेली. तिच्यावरही तिचंच नाव, तिच्याच अक्षरात.

तिनं तीही सोलली. खाली लाल नेलपॉलिशची दोन अक्षरं होती. तिचीच.

जणू ते भांडं पहिल्यापासून तिचंच होतं.

त्यानंतर ते भांडं तिच्याच घरात राहिलं. ती ते विकत नाही, फोडतही नाही. व्हर्लिन ठणठणीत आहे. पण आता गावात कुणाच्या घरी मयत झाली, की पहिलं पाऊल आर्डिसचं असतं. लोक तिचं कौतुक करतात. लवॉन करत नाही. एकदा कॉफी पिताना ती मला हळूच म्हणाली, "हार्लन, मागच्या दोन वेळा निरोप यायच्या आधीच तिचा ओव्हन चालू होता. मी समोर बसले होते."

मी विषय बदलला.

हे इथेच थांबवणार होतो. पण आज संध्याकाळी, मी हेच लिहीत असताना, आमचं मागचं जाळीचं दार वाजलं.

आर्डिस होती. हातात टॉवेलचं गाठोडं, गाठ बाजूला वळवून आत खोचलेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घरी सगळं ठीक आहे ना, हार्लन?" तिनं विचारलं.

"ठीक आहे. का गं?"

"काही नाही." तिनं खाली पाहिलं. "दुपारी बसल्या बसल्या हात आपोआप कामाला लागले. मला थांबवता आले नाहीत."

तिनं भांडं माझ्या हातात दिलं आणि आत न येताच गेली.

ते टेबलावर ठेवलंय. मी टॉवेल सोडलेला नाही. अजून गरम आहे.

माझी बायको पुढच्या खोलीत खुर्चीत झोपली आहे. मी पेन खाली ठेवून मधून मधून तिचा श्वास ऐकतो...

आत्तापर्यंत ऐकू येत होता.