दोन पाळ्यांच्या मधली दुपार

वाटेत वाऱ्यानं छत्री उलटी केली, म्हणून लोरेना त्या दिवशी धावतच शाळेत आली, आणि नेहमीपेक्षा लवकर पोचली. वर्गाचं दार ढकललं, तर तिच्या खुर्चीत एक उंच माणूस ऐसपैस बसून पॅटिससारखा बुरेक खात होता!

"ही माझी खुर्ची आहे," ती निथळत म्हणाली.

"असं? सकाळपासून तर माझीच होती." पण तो लगेच उठला. रुमालानं खुर्ची पुसली, उरलेला बुरेक पुढे केला. "घ्या. चीजचा आहे. खुर्चीचं भाडं समजा."

"भिजलेल्या माणसाला भाडं नको असतं, टॉवेल हवा असतो."

"टॉवेल नाही... पण हा मफलर चालेल?"

आणि तिनं तो चक्क घेतला की! घरी गेल्यावर आपल्याच धिटाईनं तिचे कान तापले.

त्याचं नाव तिहोमिर. तो भूगोल शिकवायचा, ती गणित. शाळा एक, वर्ग एक, पण पाळ्या दोन. रिएका शहरात तेव्हा हेच चालायचं. इमारती कमी, मुलं जास्त. म्हणून अर्धी शाळा सकाळी, अर्धी दुपारी, आणि दर आठवड्याला अदलाबदल. या आठवड्यात तो निघायचा तेव्हा ती यायची, पुढच्या आठवड्यात ती निघायची तेव्हा तो. शनिवार-रविवार तो बोटीनं क्रेस बेटावर आजारी आईकडे. म्हणजे उरलं काय, तर पाळी बदलतानाची ती एवढीशी दुपार. जिन्यावर वरून-खालून पोरांचा लोंढा, दप्तरांची धडाधड, आणि त्या गर्दीत ही दोघं... एकमेकांना वाट देण्याच्या निमित्तानं थांबलेली.

पण काय दुपारी होत्या त्या! ती फळ्याच्या कोपऱ्यात एखादं गणित मुद्दाम चुकवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त केलेलं असायचं, तेही चुकीचंच. ती एकटीच हसत बसायची, आणि मुलांना वाटायचं, बाईंना आज झालंय तरी काय.

अशात नगरपालिकेनं विचारणा केली. दोन पाळ्या मोडून सगळी मुलं सकाळीच शाळेत आणायची आहेत. कसं जमेल, त्याचा आराखडा शाळेनंच द्यावा. मुख्याध्यापिका झोर्काबाईंनी प्रत्येक पाळीतून एक माणूस उचलला.

"गणितवाली हिशोब करील, भूगोलवाला जागा शोधील," त्या म्हणाल्या. "भांडा हवं तेवढं, पण उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आराखडा हवा मला."

भांडले ते किती, विचारूच नका. मुलांना न्यायला-सोडायला पालक फाटकाशी यायचे, तिथेच एका छपराखाली उभं राहून दोघं त्यांची मतं विचारायची. वर पाऊस, आणि खाली यांची जुगलबंदी.

"दुपारची पाळी कशाला मोडता?" तो म्हणायचा. "वाढत्या वयाची पोरं सकाळी पेंगतात. मीही पेंगतो."

"तुम्ही पेंगता म्हणून शहराचं धोरण ठरवायचं?"

"एकाच डोळ्यानं पेंगतो हो. दुसरा दाराकडे असतो... तुम्ही आलात का बघायला."

गणिताच्या बाईंचा त्या दिवशीचा हिशोब पार कोलमडला.

मग एकदा मासळीच्या कारखान्यात काम करणारी एक आई थांबली. म्हणाली, "बाई, माझी थोरली सकाळी, धाकटा दुपारी. बहीण-भाऊ एकमेकांना झोपलेलंच बघतात हो. आमच्याकडे सगळे मिळून जेवायला बसलेत, असं होतच नाही."

त्या दिवसापासून लोरेना हात धुऊन कामाच्या मागे लागली. दुपारच्या जेवणाचं स्वयंपाकघर, बसच्या वेळा, संगीत शाळेचे वर्ग, सगळं तिनं बसवलं. तिहोमिरनं टेकडीवरची खलाशांच्या वसतिगृहाची रिकामी इमारत हुडकली. एक पाळी इथे राहील, दुसरी तिकडे जाईल. झोर्काबाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. टेकडी आली ती तिहोमिरच्या पाळीच्या वाट्याला.

लोरेनानं ती चिठ्ठी पुन्हा उलगडून वाचली. आता जिना नाही, लोंढा नाही, दुपार नाही. आणि हे सगळं ती आपल्याच हातानं करत होती!

झोर्काबाईंनी तिचा चेहरा वाचला. "मन होत नसेल तर लिही, 'आणखी अभ्यास हवा.' दोन-तीन वर्षं सहज निघतात. असे किती आराखडे झोपी गेलेले पाहिलेत मी."

लोरेनाला मोह झाला, खोटं कशाला बोला. पण अभ्यास पुरा झाला होता, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं लिहिलं, 'येत्या सप्टेंबरपासून.' मग प्रसाधनगृहात जाऊन मनसोक्त रडली.

शिक्षकांच्या सभेत अर्धे लोक विरोधात होते. टेकडी चढायची कुणी? सगळे तिहोमिरकडे बघायला लागले. तो उठला आणि म्हणाला, "चढायची आम्हाला आहे. मी तयार आहे." मग बाकीचेही कुरकुरत तयार झाले. आराखडा मंजूर!

टाळ्या वाजत होत्या, आणि लोरेनाच्या अंगाचा तिळपापड होत होता. इतक्या सहज? जिन्यावर तिनं त्याला गाठलंच.

"वर्षभर विरोध केलात, आणि आज एकदम पटलं?"

"त्या आईचं म्हणणं तर फाटकाशीच पटलं होतं. उगाच भांडत होतो... तुम्ही भांडायला थांबता म्हणून."

"मग आता? टेकडीवर जाऊन कुणाशी भांडणार?"

तो हसला. "गणित शिकवतेस, आणि एवढा हिशोब नाही केलास? तू मोकळी असायचीस तेव्हा मी वर्गात, मी मोकळा असायचो तेव्हा तू. वर्षभर तुला साधं जेवायला बोलावता आलं नाही मला. सप्टेंबरपासून सगळ्या दुपारी आपल्या. सगळ्या संध्याकाळी. मी काय त्या टेकडीवर राहायला चाललोय? रोज उतरून येईन. मला तू हवी आहेस, लोरेना... जिन्यावर उभ्याउभ्या नव्हे."

तिला हसूही आलं आणि रडूही. "सप्टेंबरपर्यंत थांबायचं म्हणतोस? मला एक दुरुस्ती सुचवायची आहे —"

"मंजूर," तो म्हणाला. ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

आता पोरं दुपारी एकदाच जिना उतरतात, आणि मग शाळा शांत होते. त्या धक्काबुक्कीची लोरेनाला फार आठवण येते, आणि आठवण आली की घरी ती खिडकीशी उभी राहते ती राहतेच. मग स्वयंपाकघरातून तिहोमिरची हाक येते, "अगं, ये ना! जेवण निवतंय."