न ऐकता घेतलेला आवाज

यूगो सुटला होता. समुद्रावरून येणारा हा ओला, कोमट वारा सुटला की अख्ख्या रिएका शहराचं डोकं दुखतं, पाऊस उभा पडायचा सोडून आडवा पडतो आणि चांगली माणसं क्षुल्लक गोष्टींवरून भांडतात. अशा दिवशी काही ठरवू नये म्हणतात. मोरेनाने नेमकं त्याच दिवशी ठरवलं.

भावाचा गिटारचा ॲम्प, आवाज मोठा करणारं ते जड खोकं, तिने जिन्यावरून ओढत ओढत खालच्या दारापर्यंत आणला आणि तिथे तिचे हात भरून आले. बाहेर कचऱ्याच्या डब्यांपाशी तो ठेवायचा, सकाळी पालिकेची गाडी नेईल... एवढंच उरलं होतं. आई चर्चला गेली होती. ती परत यायच्या आत हे उरकायला हवं होतं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि एक माणूस पावसासकट आत आला. त्याच्या हातातली छत्री उलटी झाली होती.

"माफ करा, दोनच मिनिटं थांबतो," तो म्हणाला. मग त्याची नजर खाली गेली. "हे बाहेर नेताय?"

"हो."

"या पावसात?"

"एवढी काळजी असेल तर छत्री धरा."

त्याने आपल्या छत्रीकडे पाहिलं. "ही? हिलाच कुणीतरी धरायला हवंय."

मोरेनाला हसू आलं नाही, पण येता येता राहिलं. तो गुडघ्यावर बसला आणि ॲम्पच्या मागच्या जाळीतून आत डोकावला.

"ट्यूबचा आहे. या काचेच्या नळ्या तापल्या की मग आवाज फुटतो. आणि चॅनेलही तीन, म्हणजे तीन वेगळे आवाज... हा भिजला तर मेला समजा."

"मरू दे."

त्याने मान वर केली. मग हळूच म्हणाला, "कुणाचा आहे?"

"भावाचा. सांद्रोचा."

"त्याला विचारलंत?"

"तो वरच्या कोझालाच्या दफनभूमीत आहे. विचारून या, इथून लांब नाही."

दुसरा कुणी असता तर ओशाळून चार शब्द पुटपुटला असता. हा तिथेच शेवटच्या पायरीवर बसला... जणू कुणी बसायला सांगितलं होतं. त्याचं नाव लिव्हियो. गोदीत जहाजांच्या विजेच्या तारा जोडायचा, आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये गिटार वाजवायचा.

"शनिवारी लग्नात नाचासाठी वॉल्ट्झ," तो सांगत होता, "रविवारी हॉटेलात म्हाताऱ्यांसाठी जुनी गाणी. आणि आमची स्वतःची गाणी ऐकायला कुणी बोलावलंच, तर तेव्हा भिंती हलायला हव्यात. एक आवाज स्वच्छ, एक खरखरीत, एक राक्षसी. तीन ॲम्प उचलायला माझ्याकडे पाठ एकच आहे, म्हणून असा शोधतोय. चालू करून बघू?"

"नाही."

"अगदी हळू..."

"नाही म्हटलं ना."

तिने वर जिन्याकडे पाहिलं. उन्हाळ्यात खालच्या मजल्यावर एक पाहुणा मुलगा गिटार वाजवत बसला होता, तेव्हा आई ओल्या हातांनी दार उघडून बाहेर येऊन उभी राहिली होती. तिचा तो चेहरा मोरेनाला पुन्हा बघायचा नव्हता. पण हे परक्या माणसाला कशाला सांगायचं? तिने एवढंच सांगितलं.

"हा या घरात वाजणार नाही," ती म्हणाली. "न्यायचा तर न ऐकता न्या."

लिव्हियोने मोबाईलचा उजेड पाडून एकेक काच पाहिली. जाळीला नाक लावून वास घेतला. मग समोरच्या बटणांवरून बोट फिरवलं.

"तुमचा भाऊ स्वच्छ चॅनेलवरच जास्त वाजवायचा. इथले आकडे पुसून गेलेत, बघा. राक्षसाचं बटण जवळजवळ कोरं आहे."

"काहीतरीच. आम्हाला भिंतीपलीकडून नुसता गोंगाट यायचा."

"गोंगाटच येतो भिंतीतून. हळू वाजवलेलं येत नाही."

बाहेर पन्हाळीतून पाणी कोसळत होतं.

"घेतो," तो उठत म्हणाला.

"आणि बिघडलेला निघाला तर?"

"तर माझ्याकडे बिघडलेला ॲम्प असेल. दुकानात एक पाहून ठेवलाय. किती वेळा वाजवून बघितला... शहाणा आहे, सगळं करतो. पण तुमच्यासारखं त्याने मला कधी 'नाही' म्हटलं नाही."

त्याने दिलेले पैसे तिने न पाहताच कोटाच्या खिशात कोंबले.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. ॲम्प उत्तम चालत होता. पण चॅनेल बदलायचा पायाचा स्विच राहून गेला होता. "काल नवरा-नवरीच्या वॉल्ट्झमध्ये मला वाकून बटण फिरवावं लागलं. चुकीचं फिरलं. नवरीच्या आजीने घाबरून छातीवर क्रॉसची खूण केली."

मोरेनाने सांद्रोची खोली पालथी घातली. स्विच नव्हता. मग लिव्हियो स्वतः विचारायला आला. दार आईने उघडलं.

"मी मोरेनाचा मित्र, तेता एदा," तो म्हणाला. मावशी म्हणायची ही इथली रीत.

आईने त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे पाहिले आणि काही न विचारता कॉफी चढवली.

त्यानंतर तो दर शनिवारी सकाळी यायला लागला. "सापडला का स्विच?" "नाही." "मग चल, जरा पाय मोकळे करू." तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मोलो लोंगोवर, त्या लांबच लांब धक्क्यावर, ती दोघं भिजत चालायची. तो क्रेन दाखवायचा, कुठल्या जहाजात आपल्याला झटका बसला ते सांगायचा, आणि बोलता बोलता वाऱ्याच्या बाजूला व्हायचा, म्हणजे तिला पाऊस कमी लागावा.

"एकदा ये ऐकायला," तो म्हणायचा.

"नको."

"का पण?"

"कारण... सांद्रो त्यात असेल. आणि असला, तर त्याला तिथे टाकून मी घरी कशी जाऊ?"

डिसेंबर लागला तेव्हा धक्क्याच्या टोकाशी त्याने तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. बोटं तिथेच थांबली. मोरेनाने डोळे मिटले... आणि मग मागे सरकली.

"लिव्हियो, मला कळत नाही. तू मला आवडतोस, की तुझ्याकडे ते खोकं आहे म्हणून मी येते?"

त्याने हात खिशात घातले. "हे मला कसं कळणार," तो म्हणाला. "तुझं तूच बघ. मी थांबतो. पण दर शनिवारी येऊन थांबणं नाही जमणार."

आणि तो यायचा थांबला. एक शनिवार गेला, दुसरा गेला. आई दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची. एकदा पालक चिरता चिरता तिने विचारलं, "तो का येत नाही?"

"कोण?"

"तू ज्याला सांद्रोचा ॲम्प दिलास तो."

मोरेनाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"त्या दिवशी मी चर्चला गेलेच नव्हते," आई म्हणाली. "कोपऱ्यावरच्या बेकरीत बसून होते, तुझं खाली नेऊन होईपर्यंत; काचेतून त्याला तो नेताना पाहिलं. ते घरातून जायला हवं होतं, मोरेना. माझ्याच्याने झालं नसतं."

"पण उन्हाळ्यात, ते पोरगं वाजवत होतं तेव्हा तू अशी धावत बाहेर..."

"बेसूर वाजवत होता म्हणून आले. सांद्रो आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. आई आहे मी त्याची."

तिने हात पुसले, पावाच्या डब्यामागून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. लोखंडी स्विच. वरचा रंग एका बाजूने झिजून गेला होता, तिथे एक पाय वर्षानुवर्षं पडत आला होता.

"तेवढा ठेवला होता," आई म्हणाली. तिने फडक्याची घडी घातली. "जा, नेऊन दे. वाकून वाकून म्हातारा होईल बिचारा."

नदीकाठच्या जुन्या कागद कारखान्याच्या एका शेडमध्ये त्याचा बँड सराव करायचा. मोरेना पोचली तेव्हा तो एकटाच वायरी गुंडाळत होता. तिने स्विच पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. "कुठे होता" असं विचारलं नाही.

"जोड," ती म्हणाली. "ऐकायला आलेय."

"नक्की?"

"विचारू नकोस. जोड."

ॲम्पच्या जाळीमागे काचा हळूहळू लालसर झाल्या. त्याने स्विच दाबला, स्वच्छ चॅनेल लावला आणि सावकाश, अगदी हळू एक वॉल्ट्झ वाजवायला सुरुवात केली.

मोरेना श्वास रोखून बसली होती. पण सांद्रो आला नाही. सूर जरा घाबरलेले होते, टोकाशी थरथरणारे, मधेच थांबून विचार करणारे. ती धक्क्यावर ज्याच्याशी बोलायची, त्याच माणसाचे. दोन वर्षं ती ज्याच्या भीतीने या पेटीपासून पळत होती, तो पेटीत कधी नव्हताच. तो कुठेच नव्हता. हे तिला दफनविधीच्या दिवशीही कळलं नव्हतं, ते आता कळलं, आणि ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

सूर थांबले. "बंद करू?"

"नको."

तो गिटार तशीच गळ्यात ठेवून तिच्यासमोर खाली बसला. हात लावला नाही, नुसता बसून राहिला. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"तो नाहीये यात," ती कधीतरी म्हणाली.

"पहिल्याच दिवशी कळलं मला. पण ते तुला सांगून पटलं नसतं."

"नसतंच." तिने बाहीने नाक पुसलं. "आणि तुझा वॉल्ट्झ कच्चा आहे."

"आहे."

मोरेनाने त्या लालसर काचांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"खोकं रिकामं आहे, लिव्हियो," ती म्हणाली. "आणि तरी मला इथून उठावंसं वाटत नाहीये."

तिने हात पुढे केला आणि त्याच्या घट्टे पडलेल्या बोटांवर ठेवला, क्षणभरच, मग काढून घेतला... त्याला तारांसाठी ती बोटं मोकळी लागणार होती म्हणून.

"वाजव," ती म्हणाली. "पहिल्यापासून."