पोटरीतले ठोके

ऐक ना वसू, आधी सारं ऐकून घे, मधात हसू नको. मंग तुले काय म्हणायचं थे म्हण.

माहे बाबा दुर्ग लाईनवर असिस्टंट स्टेशन मास्तर होते, हे तर तुले माहीत आहे. मागच्या दिवाळीपासून त्यांची डावी पोटरी फडफडाले लागली. कातडीखालून गांडूळ फिरून राहिलं असं दिसे. झोपेतही थांबे नाही. भिलाई-3 च्या आमच्या क्वार्टर लाईनीतले लोक म्हणत, काय गुलाबराव, पायात इंजिन बसवलं का? बाबाही हसत. पण चालणं बिघडलं, ड्युटी सुटली, सिकवर बसले.

नागपूरचा डॉक्टर म्हणे, नस शांतच होऊन नाही राहिली. आता हे तर माह्याच एमएस्सीतलं निघालं ना! रायपूरले मी हेच वाचून राहिली होती. नसेतून सिग्नल गेला का मागून पोटॅशियमचे दरवाजे उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते, नस थंड होते. दरवाजा म्हणजे एक प्रोटीन, आणि त्याले चिकटून आणखी प्रोटीनं बसलेली असतात. दरवाजा कधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, थे ठरवतात. बाबांच्या रक्तातलंच कायतरी जाऊन त्या दरवाजांवर बसलं असंन, असा डॉक्टरचा अंदाज होता. दरवाजे कमी पडले, नस थांबेच नाही.

मी बाबाले सांगितलं, गाडी निघून गेली तरी तुमचा कॅबिनवाला सिग्नल परत लाल करत नाही, तसं समजा.

बाबा म्हणे, "मंग त्याले चार्जशीट दे ना. मले कावून गोळ्या?"

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली आणि एक वही केली. रोज दुपारी जेवण झाल्यावर बाबा तक्तपोसावर झोपत, मी घड्याळ घेऊन पोटरीजवळ बसे. मिनिटाले किती झटके, लिहून ठेवे. कधी चाळीस, कधी नव्वद. काही ताल नाही, काही नाही.

मे महिन्याची नऊ तारीख होती. बाहेर गरम हवेची लू चालून राहिली होती, कूलरच्या खसचा ओला वास, आई अंदर पापड लाटून राहिली होती. आणि पोटरी थांबली. एकदम. मले वाटलं, गोळी लागू पडली. मी वहीत शून्य लिहिलं.

मंग एक झटका आला. एकच, आणि थांबला. पुन्हा एक.

तू स्टीलवाल्यांच्या घरची, तुले हे नाही समजणार. लहानपणी मी बाबांच्या ऑफिसात ब्लॉकच्या पेटीजवळ बसे. बाजूच्या स्टेशनावरून घंटीचे ठोके येतात. एक म्हणजे लक्ष द्या. दोन म्हणजे लाईन मोकळी आहे का; आपण दोन परत देल्ले का लाईन देल्ली. तीन म्हणजे गाडी निघाली. आणि जेवढे ठोके आले तेवढेच परत द्यायचे, हा कायदा. समोरच्याले ताटकळत ठेवायचं नाही. बाबा मले बटन दाबू देत. हातालेच सवय लागून गेली होती, वसू. कोणी कुकरवर चमचा वाजवला तरी माहं बोट उठे.

मी पोटरीवर बोट ठेवलं आणि एक ठोका देल्ला.

पोटरी गप्प झाली. कोणी कान देऊन ऐकते ना, तशी.

मंग दोन आले. मले हसू आलं. मी दोन देल्ले.

मंग तीन.

मीही तीन देल्ले.

बाबांचे डोळे उघडे होते. कधी उघडले कोणास ठाऊक.

"कोणाले लाईन देल्ली तू?"

मी म्हटलं, गंमत करून राहिली होती. त्यांनी विचारलं, किती ठोके झाले. तीन, मी सांगितलं. त्यांनी पोटरीवर हात ठेवला.

"दिवाळीपासून हे फडफडीच्या मधात एक ठोका देऊन राहिलं होतं, बाई. मी एकदाही जवाब नाही देल्ला."

"कोण देऊन राहिलं होतं?"

"माहीत नाही. म्हणूनच नाही देल्ला."

त्या दिवसापासून फडफड बंद. आईनं हनुमानाले नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी बाबांच्या पायाची बोटं हालेनाशी झाली. मंग घोटा, मंग गुडघा. दुखणं नाही, काही नाही, फक्त थंड. डॉक्टरनं सुई टोचून मशीन लावलं, पडद्यावर सपाट रेघ. म्हणे, आता उलटं झालं, जसे दरवाजे उघडेच राहून गेले. असं मी पाहिलं नाही कधी, म्हणे. मी घरी रोज पेनानं निशाणी करे, आज इथपर्यंत. रोज चार बोटं वर.

बाबा म्हणत, गाडी अजून सेक्शनमध्येच आहे, दोन स्टेशनांच्या मधात.

जूनच्या सुरुवातीले थे छातीपर्यंत आलं. बाबांचा श्वास असा चाले, जशी चढावर मालगाडी. बोलणं बंद. आई पायथ्याशी बसून राहे.

आणि एका दुपारी माह्या उजव्या पोटरीत एक ठोका पडला.

मले समजलं. समोरच्या स्टेशननं, म्हणजे आता मी, लाईन देल्ली का सेक्शनमधली गाडी पुढे निघते.

बाबाले पण समजलं. थे माह्या बोटाकडे पाहून डोळ्यांनीच नाही, नाही करून राहिले होते.

मी एक देल्ला.

दोन आले. मी दोन देल्ले.

तीन आले. बाबांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी त्यांनी पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी उठून बसले. आज तिसऱ्या दिवशी पावर हाऊसच्या बाजारात गेले आहेत, सायकलनं, तू आली म्हणून समोसे आणाले. आई म्हणते, डॉक्टरच्या हाताले यश आहे.

मघाशी तुह्या हातचा चहा माह्या उजव्या पायावर सांडला ना, आणि तू सॉरी सॉरी करून राहिली होती? मले चटका लागलाच नाही, तू बोलली तेव्हा मी खाली पाहिलं. तेव्हा मले समजलं.

सांग ना वसू, तू असती तर काय केलं असतं?