आबांच्या देखत

"अहो, आज तरी... आज तरी ओमला तुम्ही उचलाल ना?"

मोगऱ्याच्या सरीत वाकलेल्या ज्ञानेशने मान वर केली नाही. कळ्या खुडणारे त्याचे हात मात्र क्षणभर थबकले. बांधावर प्रतिभा उभी होती. कडेवर पाच महिन्यांची दिशा, पदराला लोंबकळणारा अडीच वर्षांचा ओम, आणि डोळ्यांखाली रात्रभराच्या जागरणाची काळी वर्तुळं! दिशाला घामोळ्यांनी झोप नव्हती, ओमला दिशामुळे झोप नव्हती, आणि दोघांमुळे प्रतिभाला किती दिवसांत झोप नव्हती, हे तिचं तिलाही आता सांगता आलं नसतं.

"आबा बरोबर असणार," ज्ञानेश हळूच म्हणाला. "त्यांच्या देखत कसं उचलू?"

"डॉक्टरीणबाईंनी वजन उचलू नका म्हणून बजावलंय मला. दिशाच्या वेळच्या ऑपरेशनचे टाके अजून ओढतात हो! दोघांना घेऊन त्या पायऱ्या उतरायच्या म्हणजे..."

"बघू," तो म्हणाला आणि कळ्यांची पाटी उचलून टेम्पोकडे निघून गेला.

बघू! लग्नाला चार वर्षं झाली, हे 'बघू' काही अजून उजाडलं नव्हतं.

कोंडाजी आबांच्या घरातली ही रीत होती. वडीलधाऱ्यांसमोर बापाने आपलं पोर कडेवर घ्यायचं नाही. त्याचे लाड करायचे नाहीत, त्याला नावाने हाकदेखील मारायची नाही. तो निलाजरेपणा! आबांनी स्वतः आपल्या वडिलांच्या, चिमाजीबाबांच्या देखत ज्ञानेशला कधी बोट लावलं नव्हतं, आणि ज्ञानेशनेही ती रीत मुकाट्याने पुढे चालवली होती. आबा फूलबाजारात गेले की तो ओमला चोरून जवळ घ्यायचा, पण फाटकाशी त्यांचा खोकला ऐकू आला रे आला, की पोराला असा खाली ठेवायचा, जणू कुणा परक्याच्या घरातलं भांडंच उचललं होतं! मखमलाबादच्या त्या मळ्यात मोगरा फुलत होता, गुलाब फुलत होता... बापाची माया तेवढी आडोशाला होती.

आणि नेमका हा नव्याण्णवचा उन्हाळा फिरण्याचा! नणंद हर्षालीचं नुकतंच लग्न झालेलं, नवे जावई अमोलराव सिडकोतून आलेले. त्यांच्या हौसेखातर एका रविवारी पांडवलेणी झाली, एका रविवारी तपोवन झालं. माणसं हिंडून आल्यावर ताजीतवानी होतात म्हणे. प्रतिभा मात्र दर खेपेला अंथरुणाला टेकताना कण्हायची. आज सोमेश्वरच्या धबधब्यावर जायचं होतं. तिने मनाशी ठरवूनच टाकलं... आज जर यांनी पोराला हात लावला नाही, तर उद्या सकाळच्या एसटीने मुलांना घेऊन सिन्नर गाठायचं. आईच्या घरी निदान कुणी हात द्यायला तरी असतं! मग इथून कुणी न्यायला येवो, न येवो.

सोमेश्वरला टेम्पोतून उतरल्याबरोबर अमोलने ओमला उचलून थेट खांद्यावर बसवलं. ओम आनंदाने असा खिदळला की रसवंतीवाल्यानेही वळून पाहिलं. प्रतिभाने सुटकेचा श्वास घेतला, पण तो पुरता बाहेर पडायच्या आतच सासूबाई, कलाबाई, धावत आल्या.

"अगं बाई, जावयाच्या मानगुटीवर पोर! लोकं काय म्हणतील? प्रतिभा, घे आधी त्याला!"

"राहू द्या हो आई, मला हौस आहे," अमोल हसत म्हणाला.

"तुमची हौस होईल, आमची शोभा होईल! घे गं!"

प्रतिभाने घेतलं. जावयाने उचललं तर पाहुण्याला त्रास, बापाने उचललं तर निलाजरेपणा... उरली आई. तिच्या हाडांनाही त्रास होतो, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं! डाव्या खांद्यावर दिशा, उजव्या कडेवर ओम, खांद्याला लंगोट, बाटल्या आणि धपाट्यांच्या डब्याने फुगलेली पिशवी, अशी ती एकेक पायरी उतरू लागली. पुढे ज्ञानेश चालला होता, मोकळ्या हातांनी. तो दोनदा मागे वळला, दोन्ही वेळा त्याची नजर तिच्यावरून घसरून आबांवर गेली, आणि तो पुन्हा पुढे चालू लागला.

मे महिन्यात धबधब्याला कसलं पाणी! काळ्या खडकांतून एक बारीक धार पडत होती, खाली खळग्यांत मात्र हिरवं, शेवाळलेलं पाणी साचलं होतं. सावली बघून सतरंजी पसरली, धपाटी झाली, कैरीची फोड झाली. हर्षाली आणि अमोल उसाचा रस आणायला वर गेले. आबा खडकाला टेकून बसले, त्यांच्या शेजारी ज्ञानेश. कलाबाई डबे आवरत होत्या. दिशा भुकेने रडू लागली, तशी प्रतिभा पाठ फिरवून, पदर ओढून तिला पाजायला बसली. ओम तिच्या पाठीशीच खडे मांडत होता. अंगभर साचलेली झोप तिच्या पापण्यांवर उतरली... क्षणभरच, अगदी क्षणभर...

"प्रतिभा! पोराकडे बघ!"

ज्ञानेशच्या हाकेने ती दचकून वळली. ओम खळग्याच्या काठावर पोचला होता. ज्ञानेश तिच्याहून त्याच्या कितीतरी जवळ होता! तो अर्धा उठला होता, हातही पुढे गेला होता... आणि तसाच, आबांकडे बघत थिजला होता.

प्रतिभा धावली. दिशाला छातीशी दाबून, अनवाणी, जीव मुठीत धरून धावली. ओमचा पाय शेवाळावरून सटकला, पोर कमरेपर्यंत पाण्यात गेलं, आणि त्याच क्षणी तिने त्याचा सदरा पकडला. स्वतः मात्र गुडघ्यांवर आदळली. दिशा किंचाळली, ओमने टाहो फोडला, आणि प्रतिभाच्या गुडघ्यातून रक्ताची धार पायावर उतरली.

"आई हाय का कोण हाय गं तू?" कलाबाई ओरडल्या. "दोन पोरं सांभाळाया व्हत नाय तुला? पोर गेलं असतं आत्ता!"

चार वर्षं गिळलेलं सगळं प्रतिभाच्या तोंडून बाहेर पडलं. "आई... मला हात दोनच आहेत हो!" ती हुंदका देत म्हणाली. "एकात दिशा आहे, एकात ओम. तिसरा हात मी कुठून आणू? ज्यांचा तिसरा होता, त्यांनी मला हाक मारली... पोराला धरलं नाही!"

पाण्याची ती बारीक धारच काय ती पडत होती.

आबा उठले. सावकाश चालत लेकापाशी आले. "ज्ञानू, तू पाह्यलं व्हतं ना?"

"हो, आबा."

"मंग धावला का नाय?"

ज्ञानेशची मान खाली गेली. "तुम्ही... तुम्ही समोर होता, आबा."

त्या चार शब्दांनी म्हाताऱ्याचा चेहरा असा उतरला, की प्रतिभालाही भीती वाटली. त्यांनी भिजलेल्या, थरथरणाऱ्या नातवाकडे पाहिलं, सुनेच्या गुडघ्याकडे पाहिलं. ज्या धाकाचा आयुष्यभर अभिमान वाहिला, त्या धाकानेच आज लेकाचे पाय बांधले होते!

"माझी अब्रू राखाया पोराला पाण्यात जाऊ देतो व्हय रं?" त्यांचा आवाज चिरकला. "लय मोठी अब्रू झाली माझी! उचल त्याला. माझ्यासमोर उचल!"

ज्ञानेश पुढे झाला. कांद्याची गोणी एका दमात टेम्पोत टाकणारा तो गडी, पण अडीच वर्षांच्या पोराला चारचौघांत कुठे धरावं ते त्याला कळेना. त्याने कसंबसं ओमला उचललं, आणि ओमने पाठीची कमान करून आकांत मांडला.

"तू नको! आई पायजे! आई!"

पोराच्या चिमुकल्या मुठी बापाच्या छातीवर बसत होत्या, आणि ज्ञानेशच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. चोरून जवळ घेणाऱ्या बापाची पोराला अजून सवयच झाली नव्हती! प्रतिभाचे हात सवयीने पुढे गेले.

"सूनबाई, हात मागं घे." आबा आजवर तिच्याशी सरळ कधी बोलले नव्हते. तिने चटकन डोक्यावर पदर घेतला. "रडू दे त्याला. बापाची वळख व्हायची तर आता रडूनच व्हायची. तू लय वाहिलं, पोरी."

मागे डब्याचं झाकण खणकन खाली पडलं. कलाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "हे आज सुचलं व्हय तुम्हाला?" त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "ज्ञानू कडेवर, हर्षाली पोटात... तशी मी त्र्यंबकला चालत गेले व्हते. तुम्ही पुढं, रिकाम्या हातानं. एकदा तरी मागं वळून पाह्यलं व्हतं का?"

आबांनी वाकून ती फुगलेली पिशवी उचलली आणि आपल्या खांद्याला अडकवली. लंगोटाचं टोक बाहेर लोंबत होतं, ते त्यांनी आत खोचलंदेखील नाही.

कलाबाईंनी आपल्या लुगड्याचा पदर भिजवून प्रतिभाचा गुडघा पुसला. मग हात पुढे केले. "दे ती पोर माझ्याकडं. मघाशी बोलले ते मनावर घेऊ नको गं. मलाबी सासूबाई असंच बोलायच्या... तेच तोंडात बसलं."

प्रतिभा पायऱ्या चढू लागली. दोन्ही हात रिकामे! त्यांचं काय करावं तेच तिला समजेना. पदर सावरला, पुन्हा सावरला, कठड्याला धरलं... आणि मग एकाएकी तिला इतकं भरून आलं, की मधल्या पायरीवर बसून ती ओक्साबोक्शी रडली. रस घेऊन खाली येणारी हर्षाली घाबरली. "वहिनी, काय झालं?" प्रतिभाने नुसती मान हलवली. काय सांगायचं? थकले गं, एवढंच होतं सांगण्यासारखं.

परतताना अमोलने टेम्पो चालवायला घेतला, हर्षाली त्याच्या शेजारी बसली. मागच्या हौद्यात ताडपत्रीवर बाकीचे बसले. आबांच्या अगदी समोर ज्ञानेश होता, मांडीवर ओमला घेऊन. गंगापूर रोडवर पोर रडून रडून दमलं, त्याचे हुंदके लांबत गेले आणि शेवटी बापाच्या खांद्यावर मान टाकून ते झोपलं. ज्ञानेश श्वाससुद्धा जपून घेत होता. प्रतिभा हे अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघत होती. राग पुरता गेला नव्हता. चार वर्षांचा राग एका पायरीवर रडून जातो होय? पण सिन्नरची एसटी सकाळी किती वाजता सुटते, हे काही केल्या तिला आठवेना, आणि आठवायचे कष्ट घ्यावेत असंही वाटेना. तिचं डोकं कलंडलं, ते सासूबाईंच्या खांद्यावर टेकलं, आणि सासूबाईंनी खांदा काढला नाही.

टेम्पो खड्ड्यातून गेला. ज्ञानेश हळूच कुजबुजला, "अगं... हात पार भरून आलाय. जरा घेतेस का याला?"

प्रतिभाने ऐकलं.

"झोपली हाय ती," आबा म्हणाले. "धर तसाच."

प्रतिभा जागी होती. पण तिने डोळे उघडले नाहीत.