दुसरा टोला

त्या सरकारी रेडिओ केंद्रावर वर्षातून एकदा गप्पांचा दिवस असे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही गाणं लावायचं नाही, नुसतं बोलायचं. गुलाबावरच्या किडीपासून गुडघेदुखीपर्यंत जगातल्या यच्चयावत विषयांवर तज्ज्ञ मंडळी येऊन बसत आणि श्रोते फोन करकरून त्यांना भंडावून सोडत. निवेदकाला तर ही पर्वणीच वाटे. त्याचं बोलणं एकदा सुरू झालं की थांबायचं नाव घेत नसे, म्हणून केंद्रातली मंडळी पाठीमागे त्याला 'चऱ्हाट' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

कंट्रोल रूममधल्या ताईला मात्र हा दिवस म्हणजे डोक्याला ताप. गाणं लागलं की तंत्रज्ञाला जरा पाय मोकळे करता येतात, गप्पांमध्ये ती सोय नाही. काचेच्या पलीकडे निवेदक आणि पाहुणे, अलीकडे मेज, मेजावर बटणांच्या रांगा आणि श्रोत्यांचा फोन. आलेला प्रत्येक फोन आधी तिनं उचलायचा, माणूस धड आहे ना, शिव्या घालणार नाही ना हे पाहायचं आणि मग आत जोडून द्यायचा. उचलल्या उचलल्या एक वाक्य ठरलेलं असे, "आधी तुमचा रेडिओ बारीक करा." घरचा रेडिओ चालू राहिला तर आवाज गोल फिरून किंचाळतो. हे वाक्य ती झोपेतसुद्धा बोलते, असं आप्पा म्हणायचे.

आप्पा म्हणजे तिचे वडील. घरात ही दोघंच. न्हाणीघरात घसरून पडल्यापासून आप्पांचा मुक्काम खाटेवर होता. आता थोडं थोडं उठवून बसवता येत असे, पण एकट्यानं उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती कामावर निघाली की उशाशी रेडिओ लावून जाई. शेजारच्या काकू मधूनमधून डोकावत. फोन खाटेपासून चार पावलं लांब, तिवईवर.

आणि त्या दोघांची एक खूण होती. प्रत्येक कार्यक्रमाआधी मेजावरच्या पितळी पट्टीवर लाकडी हातोडीनं एक टोला द्यायचा, ही त्या केंद्राची फार जुनी रीत. ताई मेजावर असली की दोन टोले देई. पहिला केंद्राचा, दुसरा आप्पांचा. दोन टोले ऐकू आले की आप्पांना कळे, लेक जागेवर आहे, सगळं ठीक आहे. केंद्राच्या साहेबांनी एकदोनदा तिला यावरून फैलावर घेतलं होतं, पण श्रोत्यांना दोन टोल्यांची सवय झाली आणि साहेबांनीही नाद सोडला.

त्या सकाळी तिनं दोन टोले दिले आणि बागेचा कार्यक्रम सुरू झाला. बागवान तज्ज्ञ कुंडीतल्या मातीबद्दल अगदी पोटतिडकीनं बोलत होते. चऱ्हाट चक्क गप्प होता, कारण त्याच्या तोंडात बिस्किट होतं. तेवढ्यात फोनचा दिवा लुकलुकला.

"हॅलो, बोला. आधी तुमचा रेडिओ बारीक करा."

पलीकडून कुणी बोलेना. श्वास मात्र ऐकू येत होता, धावत आलेल्या माणसाचा असतो तसा. आणि त्या श्वासामागे रेडिओ चालू होता. त्या रेडिओवर चऱ्हाट बोलत होता.

"...तर मंडळी, बघता बघता दिवस सरला. आजच्या पाहुण्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतायत..."

ताईनं काचेपलीकडे पाहिलं. चऱ्हाटाचे गाल अजून फुगलेलेच होते. तो बिस्किट चावत होता आणि बागवान अजून मातीवरच बोलत होते. कुणीतरी गेल्या वर्षीचं ध्वनिमुद्रण लावून बसलंय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"हॅलो? आवाज येत नाही तुमचा. जरा मोठ्यानं बोलता का?" श्वास आणखी जोरात झाला. "बरं, पुन्हा फोन करा हं," असं सवयीनं म्हणून तिनं फोन ठेवला.

दुपारच्या आधी डॉक्टरीणबाई आल्या. पाठीच्या कण्यावर बोलता बोलता त्यांनी चऱ्हाटालाच ताठ बसायला लावलं, आणि काचेअलीकडे ताई खुदकन हसली. फोनचा दिवा लुकलुकला तेव्हा ते हसू तिच्या ओठांवर तसंच होतं.

"हॅलो, बोला. आधी तुमचा रेडिओ बारीक करा."

तोच श्वास होता. पण आता त्याला हुंदक्यांचा ओलावा आला होता. कुणीतरी जिवाच्या आकांतानं काहीतरी सांगू बघतंय आणि तोंडातून नुसती हवा निघतेय, असं काहीसं. मागे पुन्हा चऱ्हाट बोलत होता. इथे काचेपलीकडे तो पाठ ताठ करून मुकाट बसला होता.

"...मेजावरच्या आमच्या ताईंना मात्र आज तातडीनं घरी जावं लागलं. त्यांच्या जागी दुसऱ्या पाळीचे आमचे मित्र धावून आले..."

ताईनं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. "कोण बोलतंय?" तिनं हळूच विचारलं. "कोण आहे... आप्पा?"

हुंदका तुटला आणि फोन बंद झाला.

तिनं लगेच दुसऱ्या फोनवरून घरचा नंबर फिरवला. लाइन व्यस्त. पुन्हा फिरवला. व्यस्त. आप्पा कधी कुणाला फोन करत नसत. मग तिनं काकूंना गाठलं.

"अगं, मी आत्ता त्यांच्याकडूनच आले," काकू म्हणाल्या. "जेवले पोटभर. डॉक्टरीणबाईंशी भांडतायत, रेडिओशी गं! म्हणतात, हिला काय कळतंय पाठीतलं."

"फोन नीट ठेवलाय का काकू? सारखा व्यस्त येतोय."

"जागच्या जागी आहे. मी स्वतः पुसला ना मघाशी."

ती साहेबांकडे जाऊ शकत नव्हती, मेज सोडता येत नाही. साहेबच आत आले. तिचा चेहरा पाहून म्हणाले, "बरं वाटत नाही का?"

"साहेब, मला घरी जायचंय."

"का? वडिलांना काही झालं?"

आप्पा जेवले होते, भांडत होते. अजून काहीही झालेलं नव्हतं. "नाही... म्हणजे, होईलसं वाटतंय," ती म्हणाली आणि स्वतःचंच बोलणं तिला वेडगळ वाटलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. "दुसऱ्या पाळीचा आला की लगेच नीघ," ते म्हणाले. "पण तोवर मेज रिकामं सोडता येत नाही गं. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला होता आणि ती मेजाला दावं लावल्यासारखी बांधलेली होती. तिनं मनाशी ठरवलं, पुढच्या कार्यक्रमाला दोन टोले जरा जोरात द्यायचे. म्हणजे आप्पांना बरं वाटेल. आणि तिला स्वतःलाही.

दुपारचा कार्यक्रम आठवणींचा. पाहुणे बसले, चऱ्हाटानं खाकरून घसा साफ केला, साहेबांनी बोट वर केलं. ताईनं हातोडी उचलली आणि नेमका तेव्हाच फोनचा दिवा लुकलुकला. उचलायचा नाही, असं ती स्वतःला बजावत होती, पण डावा हात आपोआप गेला.

"हॅलो, बोला. आधी तुमचा रेडिओ बारीक करा..."

आता श्वासही नव्हता. पलीकडे कुणीतरी आहे हे मात्र तिला कळत होतं. दाराआड कुणी श्वास रोखून उभं असलं की कळतं, तसं. श्वास ऐकू येईना म्हणून ती आणखी कान देऊन ऐकू लागली, आणि त्या शांततेत मागचा रेडिओ लख्ख ऐकू आला.

"...आणि जाता जाता एक जड गोष्ट सांगायची आहे..."

साहेबांचं बोट खाली आलं. लाल दिवा लागला. ताईच्या उजव्या हातानं पहिला टोला दिला.

"...ताईंचे वडील आपले फार जुने श्रोते. त्यांना आपणा सर्वांच्या वतीनं श्रद्धांजली..."

हातोडी हवेत राहिली. काचेपलीकडे चऱ्हाट दुसऱ्या टोल्यासाठी थांबला, त्यानं भुवया उंचावल्या, मग हसून बोलायला सुरुवात केली. रेडिओ थांबत नाही. हातोडी पट्टीवर परत पडली नाही.

त्यानंतर तिनं घरचा फोन किती वेळा फिरवला, तिलाही सांगता आलं नसतं. काकूही उचलेनात. शेवटी साहेब स्वतः दारात येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या मागे दुसऱ्या पाळीचा तंत्रज्ञ. साहेबांनी नुसती मान हलवली. "काकूंचा फोन होता," एवढंच म्हणाले.

ती घरी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. आप्पांना खाटेवर नीट निजवलं होतं. कपाळावर डाव्या बाजूला खोक होती, ती पुसून काढलेली होती. उशाशी रेडिओ चालूच होता.

"बंद करवेना गं माझ्याच्यानं," काकू रडत म्हणाल्या. "त्यांचा जीव त्यात..."

"पडले कसे?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "दुपारी मी आले तर कावरेबावरे झालेले. म्हणाले, एकच टोला पडला. पोरगी जागेवर नाही, तिला काहीतरी झालंय. मी म्हटलं, अहो विसरली असेल. तर म्हणे, ती विसरणार नाही, फोन लावा. मी लावून पाहिला, तर केंद्राचा फोन लागेचना, सारखा व्यस्त. म्हटलं, लागेल थोड्या वेळानं, तुम्ही पडून राहा. घरी गॅस चालू होता माझा, तो बंद करून आले... तेवढ्यात हे एकटेच उठले गं फोनपर्यंत..."

ताई खाली बसली. म्हणजे आप्पा तिच्या काळजीनं उठले होते. जो टोला तिनं दिला नाही, तो ऐकायला उठले होते.

काकू नातेवाइकांना कळवायला आपल्या घरी गेल्या. खोलीत ती, आप्पा आणि रेडिओ उरले. फोनचा रिसीव्हर तिवईवरून खाली लोंबकळत होता. तो जागेवर ठेवावा म्हणून तिनं उचलला. रेडिओवर चऱ्हाट म्हणत होता, "...तर मंडळी, बघता बघता दिवस सरला..."

आणि रिसीव्हरमधून, अगदी कानाशी, तिचाच आवाज आला. सकाळचा, ताजा, कामात बुडालेला.

"हॅलो, बोला. आधी तुमचा रेडिओ बारीक करा."

सकाळ! त्या आवाजाच्या सकाळी आप्पा अजून जिवंत होते. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "घरी जा! मेज सोड, आत्ताच्या आत्ता घरी जा!" घसा फाटेस्तोवर ओरडली, पण खोलीत तिच्या श्वासाखेरीज काहीच ऐकू आलं नाही.

"हॅलो? आवाज येत नाही तुमचा. जरा मोठ्यानं बोलता का?... बरं, पुन्हा फोन करा हं."

खट्ट. क्षणभर शांतता. आणि मग पुन्हा तोच आवाज, या वेळी त्यात नुकतंच हसून झालेलं हसू. ती रडत रडत आप्पांचं नाव घेत राहिली, काकूंचं, देवाचं. काहीच पलीकडे पोचलं नाही. "कोण आहे... आप्पा?" असं त्या आवाजानं विचारलं तेव्हा तिच्या हातून रिसीव्हर गळून जागेवर पडला.

मग तिच्या ध्यानात आलं. अजून तिसरा फोन व्हायचा होता. त्या तिसऱ्या फोनपायीच हातोडी हवेत राहिली होती. तो झालाच नाही तर दुसरा टोला पडेल, आप्पा निवांत पडून राहतील. तिनं दोन्ही हातांनी रिसीव्हर दाबून धरला. अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

दाबून धरलेल्या रिसीव्हरमधून, तिच्या तळव्यांखालून, दबका आवाज आला. "हॅलो, बोला. आधी तुमचा रेडिओ बारीक करा..."

तिला रेडिओ बंद करायचा होता, पण फोनवरचे हात सोडायची हिंमत होईना. ठेव, ती मनातल्या मनात विनवत होती. इथे कुणी नाही. फोन ठेव आणि टोला दे. कुणी नाही असं वाटावं म्हणून तिनं श्वास रोखून धरला.

आणि तेव्हाच तिला आठवलं की दुपारी श्वास ऐकू आला नाही, म्हणूनच ती कान देऊन ऐकत राहिली होती.

उशाशी चऱ्हाट हळू आवाजात म्हणाला, "...आणि जाता जाता एक जड गोष्ट सांगायची आहे..."

तळव्यांखाली पितळी पट्टीचा टोला पडला. एक. ती आप्पांकडे पाहत, श्वास तसाच धरून, दुसऱ्याची वाट बघत राहिली.