रिकाम्या खुर्चीला ऐकवलं त्याची गोष्ट

मी हॉस्पिटलच्या चादरी आणि अभ्रे शिवते. त्या दुपारी चारला मशीन झाकलं आणि नेहमीप्रमाणे वरच्या खोलीत गेले. दर गुरुवारी तिथे आम्ही सात-आठजण गोल बसतो आणि आपापलं दुखणं बोलतो. हा गट चालवणाऱ्या नर्सताईंचा नियम एकच: मध्ये बोलायचं नाही, समजूत घालायची नाही, नुसतं ऐकायचं. उशिरा येणाऱ्यासाठी एक खुर्ची रिकामी असते.

नवरा जाऊन आठ महिने झाले होते. तरी घरी तोंड उघडलं की मागून त्याचा दबका आवाज यायचा, "चूप." जिवंतपणी ऐकलं ते कमी पडलं म्हणून! पाच गुरुवार मी फक्त ऐकत होते. आमच्यातल्या ड्रायव्हरकाकांनी सत्तराव्या वर्षी बापाच्या पट्ट्याच्या माराचं सांगितलं, त्या संध्याकाळी घरातला "चूप" बारीक झाला. त्यांचा थोडा धीर मला लागला असावा.

त्या दिवशी रिकामी खुर्ची करकरली. तंबाखूचा वास आला. नर्सताई वहीत बघत होत्या, कोणी उशिरा आलं समजून सवयीने म्हणाल्या, "या, बसा."

खुर्चीत कोणीच नव्हतं.

"चूप..."

सगळ्यांनी ऐकलं. "ताई... हे आमचे..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

काका हळूच म्हणाले, "बोल पोरी. आम्ही आहोत."

मग मात्र माझं डोकं सणकलं. मेला तरी मलाच गप्प करतोय! "इथे तुझी पाळी नाही," मी म्हणाले, आणि त्याने मोडलेल्या हातापासून सगळं सांगायला लागले. खुर्ची दाराकडे सरकली.

"बस तिथेच! माझं संपलं नाही अजून."

ती थांबली. शेवटी मी ढसाढसा रडले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळी झाले. घरी आता कोणी "चूप" म्हणत नाही. ती खुर्ची मात्र चौघांनाही उचलत नाही. आम्ही तिच्याभोवतीच बसतो. त्याला दर गुरुवारी सगळ्यांचं ऐकावं लागतं.

गेल्या गुरुवारी एक शिक्षिकाबाई पहिल्यांदाच आल्या. त्यांच्या शेजारची खुर्ची बाजूला करायला गेले, तर तीही हलेना. त्या रिकाम्या खुर्चीतून कोणीतरी म्हणालं, "घरी चल..."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "आवाज ह्यांचाच आहे... पण हे तर जिवंत आहेत. आत्ता घरी झोपलेत..."

मी माझी खुर्ची त्यांना चिकटवली. "झोपू दे. इथे बसलाय ना, त्याला ऐकू दे. बोला तुम्ही."